चुलवणावरची ताडपत्री

पिशवी जागच्या जागी होती. आत झोळी होती, खुंट्यांचं पुडकं होतं, बॅटरी होती, कोरड्या मोज्यांचा जोडसुद्धा होता. नव्हती ती फक्त ताडपत्री. रेश्मानं पिशवी पलंगावर उपडी केली, झटकली, पलंगाखाली वाकून बघितलं, कपाटावर हात फिरवला. ताडपत्री ज्या लांबट खोळीत राहायची ती खोळ दारामागं सापडली, केळ्याच्या सालीसारखी सोलून टाकलेली. म्हणजे कुणीतरी ताडपत्री बाहेर काढून, खोळ तिथंच भिरकावून, निवांत घेऊन गेलं होतं. बरोबर तिची लांब दोरीही गेली होती.

रेश्मा उंब्रजच्या एका शाळेत खेळाची बाई होती. शुक्रवारी दिवसभर पावसात पोरींना कबड्डीला पळवून ती स्कूटीवरून चिखल तुडवत घरी आली होती आणि उद्याचं सामान बांधायला बसली होती. सकाळी लवकर तिला सातारच्या भटक्यांच्या गटाबरोबर पाटणच्या वरच्या रानात मुक्कामाला जायचं होतं. झाडाला झोळी टांगायची, वर ताडपत्रीचं छप्पर ताणायचं आणि पावसात झोपायचं, हे ती त्या गटाबरोबर गेली दोन वर्षं करत आली होती. पण या वेळचं जाणं वेगळं होतं. गटाचे प्रमुख वीरधवल यांनी तिला सांगितलं होतं, की या शनिवारी तुमचा मुक्काम स्वतःच्या सामानावर कोरडा पार पडला, तर गणपतीआधीची बायकांची तुकडी तुम्ही न्यायची. नाहीतर पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष म्हणजे काय ते रेश्माला चांगलं ठाऊक होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिची निम्मी कामं पुढच्या वर्षावरच गेली होती.

ती स्वयंपाकघरात गेली. सासू राहीबाई लसूण सोलत बसल्या होत्या.

"आत्या, माझी ताडपत्री कुठं हाय?"

राहीबाईंनी मान वर न करता सगळं सांगितलं. पलीकडच्या आळीतल्या ज्ञानूच्या नातवाचं बारसं आज. पाऊस काही उघडीप देईना, अंगणात जेवणं करायची कशी, म्हणून ज्ञानू दुपारी ताडपत्री मागायला आला. तुझ्या मामांनी काढून दिली. त्यात विचारण्यासारखं काही असतं हे राहीबाईंच्या गावीही नव्हतं. फोन तरी करायचा होता, असं रेश्मा म्हणाली, तेव्हा तू शाळेत होतीस, एवढंच उत्तर आलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता यात राहीबाईंचा दोष म्हणावा तर तसा नाही, आणि नाही म्हणावा तर तसंही नाही. गावात ताडपत्री ही कुणा एकाची वस्तू नसतेच. ज्याच्या घरी ती असते तो फक्त तिचा राखणदार. सोयाबीन भिजत असलं, मयताला सावली पाहिजे असली, लग्नात आचाऱ्यावर पाणी गळत असलं, की माणूस सरळ दारात येऊन उभा राहतो आणि मालकानं ती खांद्यावर टाकून द्यायची असते. नाही म्हणणारा माणूस गावाच्या तोंडी बसतो. रेश्माचे सासरे आकाराम, म्हणजे तिचे मामा, यांची तर सारी इज्जत या देण्यावरच उभी होती. पाटा-वरवंटा, शिडी, फवारणीचा पंप, बैलगाडीचं जू, काय म्हणाल ते त्यांच्या दारातून जात असे आणि परत येताना थोडं मोडून येत असे. आकाराम त्याबद्दल कधी ब्र काढत नसत. उलट वस्तू मोडून आली की त्यांना जास्तच बरं वाटायचं, असं रेश्माला कधीकधी वाटे. चार माणसांत सांगायला ते बरं पडत असावं.

घरात मोठी जाड ताडपत्री होती की. उसाच्या ट्रॉलीवर टाकायची. पण ती उचलायला दोन गडी लागतात. रेश्माची एका हातात येते. म्हणून तिची गेली.

आणि ती एका हातात यावी म्हणूनच तर रेश्मानं एवढा जीव आटवला होता. पहिल्यांदा तिनं शंकरपाळ्यासारखी चौकोन-तिरकी घेतली होती. दिसायला देखणी, टांगायला सोपी. पण पाऊस जरा तिरका झाला की पायाकडची बाजू उघडी पडायची आणि सकाळी मोजे पिळावे लागायचे. मग उंब्रजच्या बाजारातून निळी प्लास्टिकची आणली. ती वाऱ्यावर रात्रभर अशी फडफडली की शेजारच्या झोळीतल्या बाईनं सकाळी तिच्याशी बोलणं टाकलं. शेवटी दोन-तीन महिने इकडंतिकडं विचारून, लोकांच्या छपराखाली जाऊन बसून, तिनं ठरवलं की आपल्याला लांब-चौकोनी पाहिजे, झोळीपेक्षा दोन्हीकडं हातभर जास्त, पातळ पण मेणासारखं पाणी टाकणारं कापड, आणि चारी कडांना दोरी बांधायला कान. कारण चौकोनीचं कसंही करता येतं. पाऊस सरळ असला तर दोन्ही बाजू उतरत्या छपरासारख्या सोडायच्या. वारा सुटला तर वाऱ्याकडची कड जमिनीला टेकवायची. उघडीप मिळाली तर एक बाजू काठ्यांवर उचलून पडवी करायची आणि खाली चूल नाही, पण चहाचा लहान स्टोव्ह लांब बाजूला ठेवता येतो. फारच झोडपायला लागलं तर टोकाचे कान आत दुमडून दोन्हीकडं दारं लावून घ्यायची. पगारातून तिनं ती घेतली, शिवणींवर स्वतःच्या बोटानं पाणी अडवणारं डिंकासारखं औषध चोळलं, आणि गोठ्यामागच्या दोन कडुलिंबांमध्ये ती इतक्या वेळा बांधली-सोडली की गाईंनीसुद्धा बघायचं सोडून दिलं. आकाराम मात्र खाट टाकून बघत बसायचे. एवढी मोठी झाली आन् झोळीत निजती, म्हणून हसायचे. एक दिवस त्यांनी कापड चिमटीत धरून बघितलं आणि हे जोंधळ्यावर टाकायला बरं हाय, असं म्हणाले. रेश्मानं तेव्हा ते चेष्टेवारी नेलं. तिथंच चुकलं तिचं.

तिनं पायात चपला सरकवल्या आणि छत्री न घेताच बाहेर पडली.

ज्ञानूच्या अंगणात बरीच गर्दी जमली होती. आत बायका पाळणा म्हणत होत्या. अंगणाच्या कोपऱ्यात चुलवण पेटलं होतं, त्यावर आमटीचं मोठं पातेलं रटरटत होतं, आणि त्या चुलवणाच्या बरोबर वर, चार बांबूंना, रेश्माची ताडपत्री बांधली होती. सपाट. मांडवाचा कपडा बांधतात तशी. चारी कोपऱ्यांचे कान सोडून लोकांनी कापडात खडा घालून, त्याभोवती काथ्या आवळून गाठी मारल्या होत्या, जसं गाठोडं बांधावं. मधोमध पाण्याचं पोट सुटलं होतं आणि ज्ञानूचा भाऊ दर थोड्या वेळानं खालून वेळूची काठी लावून ते पोट वर ढकलत होता. पाणी भसकन बाजूला पडायचं आणि बसलेली माणसं हसून पाय आखडून घ्यायची. खालून जाळ वर उडत होता. ओली लाकडं तडतडत होती आणि प्रत्येक तडतडीबरोबर ठिणग्या सरळ कापडाला जाऊन भिडत होत्या.

मोठी ताडपत्री असती तर या ठिणग्यांनी तिचं काही बिघडलं नसतं. जाड ती, वर्षानुवर्षं आचाऱ्यांच्या डोक्यावर बसून काळी झालेली. पण ही पातळ. हिला ठिणगी लागली की आधी आकसते आणि मग भोक पडतं. हे रेश्माला माहीत होतं. बाकी कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं, कारण कुणी तिला विचारलंच नव्हतं.

आकाराम मानाच्या खुर्चीवर बसले होते. डोक्यावर धुतलेली टोपी, कपाळाला कुंकू, मांडीवर नारळ. शेजारच्या माणसाला ते वर बोट दाखवून ताडपत्रीचेच गुण सांगत होते. पाणी धरत न्हाई, मुठीत मावती, असली आख्ख्या तालुक्यात न्हाई. रेश्मानं गोठ्यामागं त्यांना जे जे सांगितलं होतं ते सगळं ते स्वतःचं म्हणून सांगत होते. तिला बघून त्यांचा चेहरा फुलला. ये, बस, जेवून जा, असं म्हणून त्यांनी बायकांकडं हात केला.

"मामा, ती ताडपत्री काढा," रेश्मा म्हणाली.

"जेवणं हुंद्यात की. रातच्याला आणून देतो."

"आत्ता काढा. जाळावर धरलीय तुमी ती. भोकं पडल्यात, वर बघा."

सगळ्यांनी वर बघितलं. कापडात बारीक बारीक ठिपके उजळलेले दिसत होते. ज्ञानू पुढं आला आणि हात चोळत म्हणाला की एवढं काय त्यात, उद्या टाके मारून देऊ. टाका म्हणजे आणखी दोन भोकं, हे त्याला सांगण्यात काही अर्थ नव्हता. ज्ञानू वाईट माणूस नव्हता. नातवाच्या आनंदात होता. पण त्या घटकेला रेश्माला त्याच्या आनंदाचंही काही वाटलं नाही, आणि तसं वाटलं नाही याची लाजही वाटली नाही.

आकाराम खुर्चीवरून उठले. आवाज खाली आणून म्हणाले, "घरातली वस्तू हाय ती. चारचौघांत शोभा करू नगंस."

"घरातली न्हाई, मामा. माझी हाय." तिचा आवाज मात्र खाली आला नाही. "तुमी दिलीसा, पर ती तुमची नव्हती द्यायला."

आतल्या बायकांचा पाळणा मध्येच थांबला. आकाराम यांना आजवर गावात असं कुणी बोललं नव्हतं. घरात तर नाहीच. काढ म्हणावं तर मान गेला, नको म्हणावं तर सुनेशी भांडण. मग रेश्मानंच बांबूला हात घातला.

खड्याच्या गाठी पावसानं घट्ट बसल्या होत्या. नखं मोडली तरी सुटेनात. कुणी मदतीला आलं नाही; विळी आणू का, असं एक म्हातारी म्हणाली आणि तिच्या सुनेनं तिला गप्प केलं. रेश्मानं दातांनी काथ्या सोडवला. एक कोपरा सुटला, दुसरा सुटला. मधलं पाण्याचं पोट आता कुठल्यातरी बाजूला जाणार हे उघड होतं. ते कुठं जाणार हे तिला दिसत होतं. तिनं जरा हात उंच धरला असता तर पाणी गटाराकडं गेलं असतं. तिनं धरला नाही. सगळं पाणी चुलवणावर गेलं, जाळ फुसफुसून निम्मा विझला आणि अंगणभर धूर झाला. आमटीच्या पातेल्याला काही झालं नाही, पण ते कुणी लक्षात घेतलं नाही. आकारामाच्या सुनेनं बारशाची चूल विझवली, एवढंच गावानं बघितलं.

ताडपत्री कवटाळून ती निघाली, तेव्हा तिला दोरी आठवली. तिनं दारातून आत बघितलं. तिच्या मापाची, खुणेची गाठ मारलेली, हिरव्या-पिवळ्या विणीची दोरी आढ्याला बांधली होती आणि तिला पाळणा टांगला होता. पाळण्यात बाळ मुठी वळून झोपलं होतं. रेश्मा क्षणभर तिथं उभी राहिली आणि दोरी तशीच सोडून घरी आली.

घरी येऊन तिनं ताडपत्री पलंगभर पसरली आणि दिवा धरून भोकं शोधली. सगळी भोकं एकाच अर्ध्या भागात होती, जाळाच्या बाजूला. प्रत्येकाला पुसून, दोन्हीकडून चिकटपट्टी लावून, कडेनं औषध चोळायचं. हात चालत होते आणि तोंडानं ती काहीबाही पुटपुटत होती. मध्येच नवऱ्याचा, उदयसिंहाचा फोन आला. तो फौजेत, पंजाबात. त्याला बातमी आधीच पोचली होती. ज्ञानूच्या थोरल्यानं कळवलं असणार. जाऊ दे गं, दुसरी घेऊ, आबांचं मन मोडू नको, असं तो समजुतीच्या सुरात म्हणाला. तुझी रायफल कुणी बारशाला मागून नेली तर देशील का, असं तिनं विचारलं. तो हसला. तो हसला म्हणून तिनं फोन ठेवून दिला.

आकाराम परत आले ते थेट ओसरीवर जाऊन भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. जेवले नाहीत. राहीबाई रेश्माच्या खोलीत आल्या आणि पलंगाच्या कडेला टेकल्या.

"इचारलं असतं तर दिली असतीस व्हय?"

रेश्मानं पुढच्या भोकावर पट्टी दाबली. तिलाच ते माहीत नव्हतं.

मग राहीबाईंनी सहज, कुणाची तरी गोष्ट सांगावी तसं सांगितलं. लग्नात माहेरून त्यांना शिलाई मशीन मिळालं होतं. आळीतल्या बायकांची पोलकी त्या शिवायच्या. एकदा त्या माहेरी गेल्या असताना आकारामांनी ते कुणाच्यातरी लेकीला दोन महिने वापरायला म्हणून दिलं. ते दोन महिने अजून चाललेत. वडूजकडं कुठं तरी आहे म्हणतात. पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, बिचारीचं पोट चाललंय त्यावर. त्यानंतर विचारलं नाही.

ती गोष्ट ऐकून रेश्माला सासूची कीव यायला हवी होती. तिला आला तो रागच, आणि तो सासऱ्यापेक्षा सासूचा जास्त. तुमी तवा गप बसलासा म्हणून आज माझं गेलं, असं ती तोंडावर बोलली. राहीबाई उठून गेल्या. त्या दिवशी त्या घरात कुणीच कुणाशी धड राहिलं नाही.

सकाळी तिनं परसातली कपडे वाळत घालायची दोरी सोडून पिशवीत टाकली आणि निघाली.

पाटणच्या वरच्या त्या रानात पाऊस कोसळत नव्हता, नुसता लोंबत होता, आणि मधूनमधून घाटमाथ्यावरून वाऱ्याची झड येत होती. गटाच्या माणसांनी आपापली झाडं धरली. वीरधवल काठी टेकत सगळीकडं फिरत होते, पण पुरुषांच्या छपरांकडं नुसती नजर टाकून पुढं जात होते आणि रेश्माच्या झाडांशी येऊन थांबले. तेवढ्यानंही तिचं डोकं फिरलं. तिनं त्यांच्याकडं पाठ केली.

आधी तिनं झाडांच्या वरच्या फांद्या बघितल्या, वाळलेली, पडेल अशी एखादी नाही ना. मग वाऱ्याकडं तोंड करून उभी राहिली आणि झड कुठून येते ते गालावर घेतलं. कपड्यांची दोरी दोन झाडांत ओढून बांधली. ती ताणली जाणारी होती, भिजली की आणखी सैल पडणार होती, म्हणून तिनं गाठ अशी मारली की मधून मधून सरकवून आवळता येईल. ताडपत्री दोरीवर टाकली. टाकली आणि थांबली. पट्ट्या लावलेला अर्धा भाग बरोबर वाऱ्याच्या तोंडाला आला होता. पट्ट्या रात्रीच्या घाईत लावलेल्या. त्यांचा भरवसा तिचा तिलाच नव्हता.

तिनं सगळी सोडली आणि फिरवून टाकली. भाजलेला भाग तिनं वाऱ्याच्या उलट बाजूला नेला आणि तिथं एकदम उभा, खाली सोडून दिला, म्हणजे पाणी त्यावर थांबणारच नाही. धड असलेली बाजू वाऱ्याकडं जमिनीलगत ताणली. कान ओढून खुंट्या तिरक्या ठोकल्या. दोन्ही टोकं आत दुमडून अर्धवट दारं केली. शेवटी झोळी टांगली आणि तिच्या दोन्ही टोकांच्या बंदांना सुती दोऱ्याचा एकेक तुकडा बांधला, म्हणजे झाडावरून ओघळत येणारं पाणी झोळीपर्यंत न येता त्या दोऱ्यावरून खाली ठिबकेल. वीरधवलांनी काठीनं कपड्यांची दोरी हलवून बघितली. गटाचा लीडर असल्या दोरीवर छप्पर बांधत नसतो, असं म्हणाले. माझ्या दोरीत एक बाळ झोपलंय, असं तिनं सांगितलं. त्यांना काही कळलं नाही आणि तिनं समजावलंही नाही.

रात्रभरात तिनं उठून दोरी आवळली, पुन्हा आवळली. एका पट्टीतून पाणी झिरपलं, पण ते कडेनं ओघळून मातीत गेलं. सकाळी वीरधवलांनी तिच्या झोळीत हात घालून बघितला, उशी दाबून बघितली, मोजे दाबून बघितले. कोरडं होतं. बायकांची तुकडी तुमची, असं म्हणून ते चहाकडं वळले. तिला आनंद झाला. पण पुरुषांच्या उशा त्यांनी दाबल्या नव्हत्या, हेही तिच्या डोक्यातून गेलं नाही.

गावात काही दिवस तिच्यावर बरंच बोललं गेलं. ज्ञानूच्या घरून दोरी धुऊन, वेटोळं करून परत आली. ती घेऊन आलेली सून रेश्माकडं न बघता उंबऱ्यावर ठेवून गेली. आकाराम तिच्याशी बोलत होते, पण गरजेपुरतं, आणि तेही राहीबाईंच्या मार्फत. त्यांच्याकडं मागायला येणारी माणसंही कमी झाली. ते ओसरीवर बसून रस्त्याकडं बघत राहायचे. रेश्माला ते दिसत होतं. वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण वाईट वाटलं की लगेच ते खुर्चीवर बसून तिचेच शब्द सांगणारे आकाराम डोळ्यांपुढं यायचे आणि राग पुन्हा होता तिथं येऊन बसायचा.

मग एका रविवारी अर्जुना आला. खालच्या आळीतला, भला माणूस, कुणाच्या अध्यात नाही. त्याला उंब्रजवरून मोटारसायकलवर खताची पोती आणायची होती आणि आभाळ भरलं होतं. त्यानं फाटकातूनच आकारामांना हाक मारली. रेश्मा चुलीपुढं भाकरी थापत होती. मामा आता काय करतात म्हणून तिचे हात आपोआप थांबले.

आकाराम उठले. खोलीकडं न जाता स्वयंपाकघराच्या दारात आले. टोपी काढून हातात घेतली, पुन्हा डोक्यावर ठेवली.

"अर्जुना आलाय. खतावर टाकाय ताडपत्री मागतोय." पुढचं वाक्य त्यांना जड जात होतं. "तुझी. दिऊ का?"

राहीबाईंनी हातातलं काम थांबवलं आणि सुनेकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते रेश्माला सरळ वाचता आलं. म्हातारा झुकला, त्यानं विचारलं, आता दे आणि मिटव. रेश्मालाही तेच वाटलं. द्या म्हणायला तिचे ओठ हललेसुद्धा. अर्जुना जपून वापरणारा माणूस होता. खताच्या पोत्यांनी कापडाला काही झालं नसतं. ती ताडपत्री आज तिला लागणारही नव्हती.

"न्हाई," ती म्हणाली.

आकाराम कारण ऐकायला थांबले. तिनं कारण दिलं नाही.

"आज कुठं जायचंय व्हय तुला?"

"न्हाई. कुठं न्हाई."

"मग?"

"तरी न्हाई."

त्यांचा इतके दिवस दाबलेला राग एकदम वर आला. "मग मला इचारायला लावून उपेग काय झाला?" ते म्हणाले. "ह्याच्यासाठीच सगळा तमाशा केलास न्हवं? इचारलं की आता."

"इचारलं म्हंजे न्हाई बी ऐकावं लागतं, मामा," रेश्मा म्हणाली. "हो म्हणणारच हाय म्हणून इचारलं, तर ते इचारणं न्हाई."

आकारामांनी राहीबाईंकडं बघितलं. राहीबाईंनी नजर खाली घातली नाही. लग्न झाल्यापासून कदाचित पहिल्यांदाच, त्यांनी नवऱ्याकडं बघणं चालू ठेवलं. ते वळले आणि फाटकाकडं गेले. अंगण ओलांडायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

ते काय सांगतात हे ऐकायला रेश्मानं फाटकाकडं कान लावला. उंदरानं खाल्ली म्हणतील, गाठ सुटंना म्हणतील, दुसऱ्यानं नेली म्हणतील. माणूस आपला मान वाचवायला काहीही सांगतो, आणि सांगितलं असतं तरी तिनं बाहेर येऊन त्यांना खोटं पाडलं नसतं.

"न्हाई म्हणती," आकाराम म्हणाले.

अर्जुना हसला. त्याला ती थट्टा वाटली. "कोण न्हाई म्हणती?"

"जिची हाय ती."

मोटारसायकल चालू झाल्याचा आणि लांब गेल्याचा आवाज आला. तव्यावरची भाकरी करपली होती. रेश्मानं ती उतरवली, स्वतःच्या ताटात टाकली आणि पुढचा गोळा थापायला घेतला.